सीपीएलला (व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला) पदवीत क्रेडिट द्यावं का, आणि द्यायचं तर कशावर?
(मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

धावपट्टी १४
मुद्दा सरळ मांडतो. नागपूरचा मुलगा बारावीनंतर सीपीएलला जातो. दीड-दोन वर्षं जातात, चाळीस लाखांच्या वर पैसा जातो, आणि हातात लायसन्स आलं तरी शिक्षणाच्या रकान्यात 'बारावी' एवढंच राहतं. उद्या मेडिकलमध्ये साखर किंवा ईसीजी अडकला की क्लास वन (व्यावसायिक पायलटला लागणारं मेडिकल प्रमाणपत्र) गेलं, आणि मग पदवीही नाही. म्हणून माझं म्हणणं, सीपीएलधारकाला बीएस्सीच्या १२० पैकी निदान २५ क्रेडिट मिळाले पाहिजेत.

हिशोब असा. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, म्हणजे ३० तासांना एक. ग्राउंडचे, म्हणजे जमिनीवरच्या थिअरीचे वर्ग रोज चार तास, चार महिने धरले तर ३८० तासांच्या आसपास जातात, त्याचे १२ क्रेडिट. उड्डाण २०० तास. पण तासाभराच्या सॉर्टीमागे (एका उड्डाणफेरीमागे) ब्रीफिंग, विमानाभोवती फिरून तपासणी, टाकीतून इंधन काढून पाणी उतरलंय का ते बघणं, मग डीब्रीफिंग, असा जमिनीवरचा आणखी एक तास असतो. ४०० तास, म्हणजे १३ क्रेडिट.

ही नुसती भरती नाही. आपली नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १०३३ फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४४ ला गेला की डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ५००० फुटांच्या आसपास जातं. सेस्ना १५२ या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचा चढण्याचा वेग अशा हवेत सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. वायूंचे नियम वर्गात शिकणारा आणि हे गणित मांडून 'आज दोघांनी पूर्ण टाकीवर जायचं नाही' असं ठरवणारा, यांतला दुसरा कमी शिकला असं कसं म्हणणार?

परीक्षा विभाग
कळकळ पटते, पण तासांना क्रेडिट ही सुरुवातच चुकीची आहे. २०० तासांत १०० कमांडचे (स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून उडवलेले) लागतात आणि त्यातले बरेचसे तास भरण्यासाठीच उडवले जातात. पहिल्या सोलोपर्यंत (एकट्याने केलेल्या उड्डाणापर्यंत) मुलगा रोज नवं शिकतो. १४० व्या तासाला तेच सर्किट (धावपट्टीभोवतीचा फेरा) मारताना हात बसतो, ज्ञान त्या मापाने वाढत नाही. आराखड्यातले ३० तास अपेक्षित निष्पत्ती आणि मूल्यमापनासकट धरलेले आहेत, घड्याळाचे नुसते तास नाहीत.

डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर बहुपर्यायी आहेत आणि ७० टक्क्यांना पास. प्रश्नसंच घोटून ७० येतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. क्रॉसविंडचा ड्रिफ्ट (आडव्या वाऱ्याने विमान किती सरकतं ते) मुलगा पटकन सांगेल, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला वळवणाऱ्या कोरिऑलिस बलाचं सूत्र मांडायला सांगा, बहुतेक जण अडतील. बीएस्सीचा पेपर ते मांडायला लावतो.

आणि लॉगबुकाचं, म्हणजे पायलटच्या तासांच्या वहीचं, काय? २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स काढलेले पायलट सापडले होते. पेनाने तास वाढवणं तर त्याहून सोपं. विद्यापीठातला बाबू ते कसं पकडणार?

मोरवा
पकडता येते ना जी! लॉगबुक एकटं कधीच बघायचं नाही. विमानाचा जर्नी लॉग (त्याच्या फेऱ्यांची वही), क्लबचं ऑथरायझेशन रजिस्टर (उड्डाणाला परवानगी दिल्याची नोंद) आणि इंधनाची नोंद, तिन्ही समोर ठेवा. १५२ तासाला साधारण २३ लिटर पिते. लॉगबुकात तीन तासांची क्रॉस कंट्री (दूरच्या विमानतळापर्यंतचं उड्डाण) आणि त्या दिवशी भरलं ३० लिटर, तर कुठंतरी घोळ आहे. टॅकोमीटरचा (इंजिनाच्या तासांच्या मीटरचा) आधीचा आणि नंतरचा आकडा जुळतो का तेही दिसते. दर विद्यार्थ्यामागे वीस नोंदी कुठूनही उचलून तपासल्या तरी खोटं लपत नाही. काम एका दिवसाचं आहे, पण जाणकार माणूस पाहिजे, बाबू नाही.

परीक्षा विभागाची दुसरी गोष्ट मात्र मानतो, प्रश्नसंचाची. त्यावर उपाय तोंडी परीक्षा. सीपीएलला कमांडमध्ये ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस कंट्री लागते, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. नागपूर–गोंदिया–रायपूर–नागपूर हा त्रिकोण साधारण ७४, ८४ आणि १५०, म्हणजे ३०८ मैल होतो. मुलासमोर नकाशा ठेवा, हाच मार्ग आखायला सांगा आणि विचारा, १५२ च्या साध्या टाकीवर मध्ये इंधन न भरता जमेल का? वापरता येणारं इंधन ९२-९३ लिटर. ९५ नॉटने सव्वातीन तास, ७४ लिटर. ४५ मिनिटांचा राखीव साठा १७ लिटर. उरले दोन, आणि टॅक्सी व चढणीचं अजून धरलंच नाही. परतीला १५ नॉटचा समोरचा वारा लागला की १८ मिनिटं वाढतात, सात लिटर जातात. म्हणजे जमत नाही. ज्याला हे दहा मिनिटांत कळलं आणि 'रायपूरला ॲव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) मिळते का ते निघायच्या आधी विचारीन, नाहीतर मोठ्या टाकीची सेस्ना १७२ घेईन' असं जो म्हणाला, त्याला क्रेडिट द्या. पाठांतरवाला इथं उघडा पडते.

ग्राउंड क्लास
अमेरिकेचं उदाहरण कुणीतरी आणणारच, म्हणून नीट सांगते. एम्ब्री-रिडल, थॉमस एडिसन स्टेट यांच्यासारखी विद्यापीठं बाहेर मिळवलेल्या एफएए (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) प्रमाणपत्रांना क्रेडिट देतात. प्रायव्हेट, इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणांवर उडवण्याचं), कमर्शिअल, प्रत्येकाचे वेगळे. लॉगबुकातल्या तासांना नाही. म्हणजे धावपट्टी १४ यांचे '२०० तासांचे १३' तिथंही बसत नाहीत.

त्यात एक खाच आहे, आपल्याकडचे पालक तिथंच फसतात. तिकडे एअरलाइन लायसन्सला १५०० तास लागतात. विमानचालनाची पदवी आणि त्यातले ६० क्रेडिट असतील तर १००० तासांवर मर्यादित लायसन्स मिळतं. पण त्यासाठी कमर्शिअल आणि इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण त्याच संस्थेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात झालेलं असावं लागतं. बाहेर लायसन्स काढून नंतर क्रेडिट घेतलं तर पदवी लवकर होते, ५०० तासांची सूट मिळत नाही. एजंट या दोन गोष्टी एकत्र करून सांगतात.

परीक्षा विभाग
मोरवा यांची तोंडी परीक्षा मला मान्य. अशा परीक्षेवर व्यावसायिक कौशल्य आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) या रकान्यांत मिळून १२ पर्यंत क्रेडिट द्यायला हरकत नाही. मेजर (मुख्य) विषयाला हात लावू नका. भौतिकशास्त्राची पदवी म्हटली की प्रकाशशास्त्र आणि क्वांटमही आलंच पाहिजे, विमान कितीही चांगलं उडवत असला तरी.

धावपट्टी १४
तासांचा हिशोब सोडतो, ग्राउंड क्लास यांचं बरोबर आहे. पण १२ वर थांबायला मी तयार नाही. हवामान आणि नॅव्हिगेशन हे पेपर मायनर (दुय्यम विषय) म्हणून का नकोत? लेखी उत्तरांचा वेगळा पेपर विद्यापीठाने घ्यावा, मुलं देतील. भूगोलाच्या विद्यार्थ्याला हवामानशास्त्राचे क्रेडिट मिळतात, आणि ढगाच्या बाजूने वळसा घालणाऱ्याला नाही, हे मला पटत नाही.

परीक्षा विभाग
लेखी पेपर घेतला तर क्रेडिट त्या पेपराचे झाले, सीपीएलचे नाही. मग तो पेपर कुणीही द्यावा की.

धावपट्टी १४
द्यावा ना. फक्त वर्गातल्या ७५ टक्के हजेरीची अट सीपीएलवाल्याला लावू नका. सकाळी सहा ते अकरा हीच सॉर्टीची वेळ, त्यानंतर उन्हाने हवा उसळते. कॉलेजही त्याच वेळी असते. खरी अडचण ही आहे.

वर्धा रोड
तुमचं ठरेल तेव्हा ठरेल. ज्यांची मुलं आत्ता गोंदियाला किंवा चंद्रपूरजवळच्या मोरव्याला शिकून राहिली, त्यांनी काय करावं?

ग्राउंड क्लास
दादा, तीन-चार गोष्टी आत्ताच करून ठेवा. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (क्रेडिट जमा ठेवण्याच्या सरकारी डिजिटल व्यवस्थेत) विद्यार्थी स्वतः काहीच जमा करू शकत नाही, नोंदणीकृत संस्थाच करते. फ्लाइंग क्लबचा शिक्का तिथं चालत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा, पूर्वशिक्षणाचं मूल्यमापन तुमच्याकडे होतं का, कोणत्या रकान्यात आणि जास्तीत जास्त किती. तोंडी 'हो' घेऊन फी भरू नका. क्लबच्या ट्रेनिंग मॅन्युअलमधला अभ्यासक्रम आणि प्रोग्रेस शीट्स सीएफआयच्या (मुख्य उड्डाण प्रशिक्षकाच्या) सहीने दर महिन्याला घ्या. क्लब बंद पडला की ते कागद पुन्हा मिळत नाहीत. डीजीसीएचे निकाल लागतील तसे उतरवून ठेवा. आणि बँकेत आलेले क्रेडिट सात वर्षंच टिकतात, तेव्हा आधी लायसन्स, नोकरी लागल्यावर निवांत पदवी असं ठरवलं असेल तर ती तारीख धरून चाला. हजेरीचा प्रश्न असेल तर मुक्त विद्यापीठाची चौकशी आधी करा.