युवराजाचं पोट खरं कोणी काढलं?

रेघोट्या:
ब्रिटनच्या राजाची, चौथ्या जॉर्जची, दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. १७९२ चं गिल्रेचं व्यंगचित्र, तेव्हा तो युवराज. जेवून सुस्तावलाय, पोटावर बंडी ताणलीय, काट्याने दात कोरतोय आणि मागे भरून वाहणाऱ्या शौचपात्राखाली थकलेली बिलं. दुसरं १८२२ चं, लॉरेन्सचं तैलचित्र. राजा साठीचा, दिसतो चाळिशीचा! तेव्हाचं ब्रिटिश राजकारण कळायला तैलचित्रं गुंडाळून ठेवा, दुकानातले छाप, म्हणजे छापून विकलेली व्यंगचित्रं, बघा. तैलचित्रात गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळावी लागते.

पेठेतला कारकून:
साफ असहमत. आणि १७९७ पासून गिल्रेला वर्षाला दोनशे पौंड कोण देत होतं? पंतप्रधान पिटचं सरकार. त्यानंतर विरोधी नेता फॉक्स आणि मंडळींची त्याने जी धुलाई केली, ती काय सत्यशोधन होतं? बुटका नेपोलियनही याच छापांनी रुजवला. गडी त्या काळच्या फ्रेंच माणसाइतकाच उंच होता, साधारण साडेपाच फूट. १८०५ च्या चित्रात पिट आणि तो मिळून पृथ्वीचं पुडिंग कापतात, तिथे तर पार चिंगूळ दिसतो. लॉरेन्स निदान नाकडोळे तरी जागेवर ठेवतो.

रेघोट्या:
दोनशे पौंड मान्य. पण १८२० मध्ये क्रुकशँक या दुसऱ्या व्यंगचित्रकाराला शंभर पौंड मिळाले ते राजाला अनैतिक प्रसंगात न दाखवण्याच्या हमीवर. लॉरेन्सला गप्प बसायचे पैसे कोणी दिले नाहीत, उलट १८१५ मध्ये 'सर' केलं. धास्ती कोणाच्या चित्राची होती, सांगा.

शाईचा डाग:
दोघेही गिऱ्हाईक विसरताय. हे छाप हॅना हंफ्रीच्या दुकानात विकले जात, सेंट जेम्स स्ट्रीटवर, म्हणजे उमरावांच्या क्लबांच्या गल्लीत. गिल्रे राहायचाही तिथेच. रस्त्यावरची माणसं काचेतून फुकट बघत. त्याच्या १८०८ च्या एका चित्रात दुकानापुढे एक म्हातारा घसरून पडतोय आणि बाकीच्यांचे डोळे काचेला चिकटलेले. विकत घेणारे मात्र पैसेवाले. खुद्द युवराज घ्यायचा! ज्याचं पोट काढलं तोच गिऱ्हाईक, मग कसलं बंड घेऊन बसलात?

पेठेतला कारकून:
हे भारी! आता हेटर या चित्रकाराचं तैलचित्र घ्या. १८३२ च्या सुधारणा कायद्यानंतरची (मताधिकार वाढवणारा तो) कॉमन्स, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाची सभा, पावणेचारशेच्या आसपास चेहरे, काम दहा वर्षं चाललं. कोणी सांगितलं नव्हतं, पैसेही नव्हते. सरकारने विकत घेतलं ते थेट १८५८ मध्ये. ते सभागृह १८३४ मध्ये जळालं, आज बघायचं तर अशा चित्रांतच. हा माणूस कोणाचा मिंधा होता, बोला.

रेघोट्या:
मिंधा नव्हता, कबूल. पण त्याच चित्रात पुढे तेव्हाचा पंतप्रधान ग्रे आणि वेलिंग्टन उभे आहेत ना? (हो, आपल्या आसईच्या लढाईवालाच.) दोघेही लॉर्ड्सचे, म्हणजे वरच्या सभागृहाचे, कॉमन्सच्या बैठकीत काय करत होते?

पेठेतला कारकून:
शोभा वाढवत होते! पण युवराजासारखं कोणाचं पोट तरी फुगवलं नाही त्याने.