खुब्याच्या झिजेवर इंजेक्शन: स्टेरॉइड, जेल की पीआरपी?

फॅमिली_फिजिशियन:
रुग्ण 62 वर्षांच्या, मधुमेह, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 7.6. उजव्या खुब्याची झीज मध्यम. जांघेत दुखतं, मोजे घालायला पाय वर येत नाही. ऑपरेशन सहा-आठ महिने लांबवायचंय. स्टेरॉइड, जेल (हायलुरॉनिक ॲसिड) आणि पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव), तिन्ही इंजेक्शनं सुचवली गेलीत. कुठलं द्यावं?

सोनो_प्रोब:
स्टेरॉइड, आणि तेही सोनोग्राफीखालीच. खुबा गुडघ्यासारखा हाताला लागत नाही, आणि आतल्या अंगाला मांडीची धमनी न् नस (मज्जातंतू). अंदाजाने टोचायची जागाच नव्हे ही.

रुग्ण उताणी, प्रोब मांडीच्या हाडाच्या मानेला समांतर, तिरका. सुईच्या वाटेत रक्तवाहिनी नाही ना, हे आधी डॉपलरवर बघा. 22 गेजची 9 सेंमी स्पायनल सुई खालून-बाहेरून घालून त्या हाडाची मुंडी (गोल टोक) आणि मान मिळतात तिथं हाडाला टेकवायची. ट्रायमसिनोलोन (स्टेरॉइड) 40 मिग्रॅ, सोबत 1 टक्का लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) 4 मिली. जोर लागला तर टोक सांध्याच्या आवरणात अडकलंय. सुई जराशी फिरवा किंवा केसभर मागे घ्या. आवरण हाडावरून उचललेलं दिसलं की औषध आत. स्नायूत फुगवटा दिसला तर थांबा.

अर्ध्या तासाने चालवून बघा. जांघ जराही मोकळी झाली नसेल तर दुखणं कमरेतून येत असू शकतं, कमरेचा एमआरआय काढलेला बरा.

संधिवात_ओपीडी:
जेल खुब्यात नकोच. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजीने 2019 मध्ये खुब्यासाठी जेल आणि पीआरपी दोन्ही ठामपणे नाकारली. पीआरपीत प्लेटलेट किती, पांढऱ्या पेशी किती, हे दर किटला वेगळं. तुलना कशाशी करणार?

स्टेरॉइडचंही फार कौतुक नको. इंग्लंडच्या 2022 च्या चाचणीत (199 रुग्ण) नुसत्या सल्ला-व्यायामापेक्षा फायदा दिसला, जास्त करून पहिल्या दोन महिन्यांत. नुसत्या लिग्नोकेनपेक्षा मात्र तो ठळकपणे सरस ठरला नाही.

फॅमिली_फिजिशियन:
साखरेचं काय? आणि ऑपरेशन आधीच ठरलं तर?

संधिवात_ओपीडी:
साखर साधारण आठवडाभर चढती राहू शकते. घरी रोज तपासायला सांगा. इंजेक्शन आणि सांधा बदलणं यात किमान तीन महिने हवेत, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तारीख त्याआधीची असेल तर इंजेक्शन देऊच नका.

सोनो_प्रोब:
एक राहिलं. लिग्नोकेन मांडीच्या नसेपर्यंत झिरपलं तर गुडघा काही तास लटपटतो. त्या दिवशी जिना सोबतीनेच, रिक्षाही दारापर्यंत.