शब्दचर्चा : 'कॅन्टर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू प्रार्थनागायकांवर लिहितेय. 'कॅन्टर' हा शब्द पानोपानी येतो. 'मंदिरगायक' लिहून पाहिलं, पटलं नाही. 'कीर्तनकार' चालेल का?

प्रतिसाद : ताई, कीर्तनकार नको. कीर्तनकार श्रोत्यांकडे तोंड करून निरूपण करतो. हा माणूस हेखालाकडे, म्हणजे तोरा हा धर्मग्रंथ ठेवलेल्या कपाटाकडे तोंड करून सगळ्यांच्या वतीनं देवाला विनवतो. म्हणून हिब्रूत त्याला 'शलियाह त्सिबूर', समुदायाचा दूत, असंही म्हणतात. आणि नवा शब्द घडवायची गरजच नाही. आपले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, 'हझान' म्हणतात. तोच घ्या.

प्रतिसाद : हझानला अनुमोदन. मात्र या शब्दाच्या मुळाशी गाणं नाही. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या काळातला हझान हा सिनेगॉगची, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराची, व्यवस्था पाहणारा सेवक. पुढे प्रार्थनाकाव्यं वाढली, ती म्हणायला सुरेल गळा लागू लागला आणि अर्थ सरकला. यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, उच्चार होतो 'खझन'. 'कॅन्टर' मात्र लॅटिनमधला, सरळ 'गाणारा'.

प्रश्नकर्ती : पण अमेरिकेत ते स्वतःला कॅन्टरच म्हणवून घेत ना?

प्रतिसाद : म्हणवत होते, आणि तुमच्या लेखाचा जीव मला तिथंच दिसतो. योसेले रोझेनब्लाट बघा. जन्म १८८२, युक्रेनमधला. १९१२ साली न्यूयॉर्कच्या ओहाब त्सेदेक सिनेगॉगमध्ये रुजू झाले. ध्वनिमुद्रिकांवर, जाहिरातींत 'कॅन्टर रोझेनब्लाट'. १९१८ मध्ये शिकागोच्या ऑपेरानं रात्रीला १००० डॉलर देऊ केले. त्यांनी नकार दिला. पुढे एका ज्यू वृत्तपत्रात पैसा घातला, तो बुडाला आणि १९२५ मध्ये दिवाळं निघालं. कर्ज फेडायला हाच माणूस व्होडव्हिल या करमणुकीच्या खेळांच्या रंगमंचावर, कसरतवाल्यांच्या नि विनोदवीरांच्या मध्ये उभा राहून गायला. १९२७ च्या 'द जॅझ सिंगर' या चित्रपटातही स्वतःच्याच नावानं दिसले, तेही मैफलीत गाताना. १९३३ मध्ये जेरुसलेमला वारले. तिकीट काढून ऐकायला आलेल्यांना ते कॅन्टर होते. हेखालापुढे उभे राहिले की हझान. मी असतो तर दोन्ही शब्द ठेवले असते, जागा पाहून. सगळीकडे एकच शब्द घातलात तर त्या माणसाची ओढाताण वाचकाला कळणारच नाही.

प्रश्नकर्ती : हे फार मोलाचं सांगितलंत, दादा. मग 'नुसाख'चं, म्हणजे प्रार्थना गायच्या त्या पद्धतीचं, काय करू? 'चाल' लिहिलंय.

प्रतिसाद : चाल म्हणजे एका गाण्याची ठरलेली सुरावट. नुसाखात स्वरांची चौकट आणि ठरावीक वळणं असतात, त्यात हझान स्वतः विस्तार करतो. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनाचा, नुसाख वेगळा, वर्षारंभाचा वेगळा, सकाळ-संध्याकाळचाही वेगळा. त्यातल्या 'अहावा राब्बा' या चौकटीचे स्वर पेटीवर वाजवून बघा : कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध, कोमल नी. आपला बसंत मुखारीच हाताशी येतो! तरी 'राग' म्हणू नका, 'नुसाख' ठेवा आणि पहिल्या वेळी एका वाक्यात उलगडून सांगा.

प्रतिसाद : एक राहिलं. १९७५ पासून अमेरिकेतल्या ज्यूंच्या रिफॉर्म या सुधारणावादी पंथात स्त्रियांनाही हे पद मिळतं. तिथं 'हझानबाई' करू नका. 'डॉक्टर आल्या' म्हणतो तसं 'हझान आल्या'.