डॅनियल फ्रीमन: स्वतःच्या कष्टावर उभा राहिला की फुकटच्या जमिनीवर?

माळरान: नेब्रास्कात बिअ‍ॅट्रिस गावाजवळ डॅनियल फ्रीमनची जमीन पार्क म्हणून जपून ठेवलीये. १८६२ चा होमस्टेड अ‍ॅक्ट ज्या दिवशी लागू झाला, म्हणजे १ जानेवारी १८६३ ला, त्याच दिवशी अर्ज टाकणाऱ्यांतला हा. १६० एकर घ्या, घर बांधा, पाच वर्षं राहून कसा, मग नावावर. असल्या लोकांनी अमेरिका उभी केली, सरकारच्या नावाने रडत नाही बसले. पटतंय का?

रोखठोक: रडतील कशाला, सरकारनेच तर दिलं सगळं! फी सगळी मिळून १८ डॉलर. आणि सरकारकडे जमीन आली कुठून? तिथल्या मूळच्या ओटो-मिसुरिया आदिवासींकडून १८५४ च्या तहात लिहून घेतली, त्यांना बिग ब्लू नदीकाठी एक तुकडा ठेवला, आणि १८८१ मध्ये तिथूनही उठवून आत्ताच्या ओक्लाहोमात धाडलं.

वऱ्हाडी_पोरगा: कायदा काय फ्रीमननं केला का भाऊ? १६० एकर ऐकून डोळे फिरतात, पण कोरडवाहू जमीन म्हणजे काय ते आम्हाला विचारा. झाडं नाहीत म्हणून गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून घरं रचायची, पाऊस आला की छतातून चिखल, चुलीत रानरेड्यांच्या वाळलेल्या गोवऱ्या, वर १८७४ ला टोळधाड आली ती उभी पिकं खाऊन गेली, कितीतरी जण पाच वर्षं व्हायच्या आधीच सोडून पळाले. हे फुकट?

रोखठोक: मातीची घरं इतरांची हो. फ्रीमनला कब क्रीक ओढा आणि काठची झाडं मिळाली, त्याचं घर लाकडी ओंडक्यांचं. आधी नंबर लावल्याचा फायदा! कष्ट केले, मान्य, पण ‘एकट्याच्या जिवावर’ नका म्हणू.

सुलूताई: तुम्ही सगळे जमिनीतच रुतलात. गावच्या शाळेत बाई बायबल वाचून घेतात म्हणून ह्याने सत्तरी उलटल्यावर शाळेच्या बोर्डाशी भांडण काढलं आणि १९०२ ला नेब्रास्काच्या सुप्रीम कोर्टात जिंकला. मला तर शेतीपेक्षा हेच धाडस मोठं वाटतं, पायोनियर म्हटलं की कुणी सांगतच नाही. आणि एकट्या बायका, विधवा, ह्यांनाही स्वतःच्या नावावर जमीन मागता यायची, तेव्हा!

माळरान: बघा, म्हणजे कायदा चांगलाच होता की.

रोखठोक: नागरिक पाहिजे किंवा नागरिक व्हायचंय असं लिहून दिलेलं पाहिजे. नॉर्वेहून नुकती उतरलेली विधवा चालायची, तिथेच जन्मलेली ओटो विधवा नाही.