टबावरची जुनी खिडकी: ठेवली, बदलली की बुजवली?

बाथरूमचं काम काढलंय. टबाच्या बरोबर वर जुनी लाकडी खिडकी आहे, शॉवरचं पाणी थेट तिच्यावर. घरात माणसं कमी आणि मतं जास्त! ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी लिहा प्लीज.

*

आधी स्क्रूड्रायव्हरने चौकटीचं खालचं लाकूड टोचून बघा, मग बाकी चर्चा. आमची वरून ऑइलपेंटमुळे तुकतुकीत दिसायची आणि कोपऱ्यात टोचलं तर टोक सरळ आत, जुन्या केकसारखं. पाणी उभ्या लाकडावरून उतरून तिथेच मुरतं. चौकट निघाल्यावर खालचं प्लास्टरपण हाताने सुटायला लागलं, मग टाइल्सवाल्याला थांबवून आधी ते सगळं पाडलं.

*

आम्ही यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची चौकट) बसवली, फ्रॉस्टेड म्हणजे धूसर आणि टफन्ड म्हणजे तापवून कडक केलेली काच. टफन्डच घ्या, ओल्या टबात पाय घसरून माणूस काचेवर गेला तर निदान धारदार तुकडे होत नाहीत. पण ती नंतर कापता येत नाही, म्हणून माप पक्कं झाल्याशिवाय ऑर्डर नको. आणि हो, खालच्या पट्टीला बाहेरून बारीक भोकं असतात ती आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला. आमचा फिटर सिलिकॉनची गन घेऊन तीही बुजवायला निघालेला, ओरडून थांबवला.

*

खिडकीपेक्षा खिडकीखालचा कट्टा महत्त्वाचा असं माझं ठाम मत. टाइलचे तुकडे जोडून केला की सांधे आलेच, आणि त्यात भरतात ते ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे हे मिस्त्रींना कोण सांगणार. ग्रॅनाइटची एकच अखंड पट्टी टाकली, उतार टबाकडे, आणि वॉटरप्रूफिंगचा थर त्या पट्टीच्या खालून नेऊन दोन्ही बाजूंना वर चढवलं. दगड बसायच्या आधी स्पिरिट लेव्हल स्वतः ठेवून बघा, 'होतंय ना ताई' वर जाऊ नका. फक्त शाम्पूच्या बाटल्या घसरतात, त्याला इलाज नाही.

*

बुजवली. म्हणजे काचेच्या विटा लावल्या. उजेड मस्त येतो, हवा शून्य, त्यामुळे एक्झॉस्ट फॅन घ्यावाच लागला आणि तो डक्टने बाहेर काढलाय. दाराखाली फट ठेवा, बाहेरून हवा आत आली नाही तर फॅन नुसता गुरगुरतो. सासूबाई अजून म्हणतात खिडकी हवी होती, आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यात मलाही वाटतं.

*

आमचं लाकूड ठणठणीत होतं म्हणून ठेवली. जुन्या रंगात शिसं असू शकतं त्यामुळे कोरडं घासू नका, पाणी मारून ओलं घासा, मास्क लावा, लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. आता खिडकीवर वेगळा प्लास्टिकचा पडदा आहे, अंघोळ झाली की बाजूला सरकवायचा, नाहीतर त्याच्यामागेच बुरशी धरते.

*

नवीन घेणार असाल तर टबात उभं राहून कडीला हात पुरतो का ते आधी बघा. आमच्या घरी फक्त नवऱ्याचा पुरतो.