फऱ्यामागे की डोक्यात? मोठ्या जनावरावर बार कुठे टाकावा

रानमाग (धागाकर्ता)

गेल्या हंगामात हरणाची एक मादी पाणवठ्यावर दिसली. पुन्हा पुन्हा तोंड पाण्यात घालत होती, पण पिता येत नव्हतं. दुर्बिणीतून पाहिलं तर खालचा जबडा गोळीने फुटून लोंबत होता. जखमेच्या कडा काळ्या पडल्या होत्या, म्हणजे त्याला बरेच दिवस झाले असणार. बरगड्या मोजता याव्यात इतकी खंगली होती. मी तिला संपवलं. त्या रात्री झोप लागली नाही.

कुणीतरी डोक्यावर नेम धरला होता आणि तो चार बोटं चुकला होता. बस, एवढंच झालं होतं.

म्हणून हा धागा: 'नैतिक बार', म्हणजे जनावराचे कमीत कमी हाल करणारा बार, कुठला? माझं म्हणणं सरळ आहे: जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जायचं आणि छातीच्या मध्याच्या जरा खाली बार टाकायचा. मध्यम आकाराच्या हरणात इथे साधारण वीतभर व्यासाचं वर्तुळ मिळतं. दोन्ही फुफ्फुसं त्यातच, खालच्या अंगाला हृदय. नेम थोडा पुढे गेला तर फऱ्याचं (पुढच्या खांद्याचं) हाड आणि मोठ्या रक्तवाहिन्या, खाली गेला तर हृदय, किंचित मागे गेला तर यकृत. चूक झाली तरी ती बहुतेक वेळा जीवघेणीच ठरते. डोक्याच्या बाबतीत उलटं आहे. मेंदू मुठीएवढा, आणि त्याच्या आजूबाजूला जबडा, नाक, घसा. शिवाय चरताना, कान टवकारताना, माशी झटकताना डोकं सतत हलत असतं. छाती तशी हलत नाही.

जनावर तिरकं पाठमोरं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाचा अंदाज घेऊन नेम धरायचा. कातडीवरचा ठिपका बघायचा नाही, गोळी आतून कुठून कुठे जाणार ते बघायचं. पूर्ण पाठमोरं असेल तर चापाला बोटही लावायचं नाही. समोरून तोंड करून उभं असेल तरी माझं उत्तर 'नाही' हेच आहे.

(परवाना, हंगाम आणि नियम जिथे आहेत तिथलंच बोलतोय. बंदी आहे तिथे हा प्रश्नच येत नाही.)

एकचबार

असहमत. मी संख्या-नियंत्रणाचं काम करतो, हंगामाला बरीच जनावरं पाडावी लागतात. साठ-सत्तर मीटर, रायफल पक्क्या टेकूवर, जनावर शांत. अशा वेळी मी डोकंच निवडतो. आवाज कानी पडायच्या आत जनावर खाली असतं, त्याला काही झाल्याचं कळतही नाही. मांस वाया जात नाही ते वेगळंच.

तुमच्या फुफ्फुसाच्या बारानंतर काय होतं तेही लिहा की. दहा-पंधरा सेकंद ते जनावर पळतं, शुद्धीवर असतं. ते सेकंद तुम्ही हिशेबातच धरत नाही.

रानमाग

धरतो. दोन्ही फुफ्फुसं फाटली की रक्तदाब कोसळतो आणि मेंदूचा प्राणवायू तुटतो. तेवढ्या वेळात जनावर पन्नास-शंभर मीटर जाऊ शकतं. ते दहा सेकंद मला टोचतात. पण तुमच्या बाराची चूक दहा सेकंदांत संपत नाही, ती आठवडाभर चालते. मी पाणवठ्यावर तेच पाहिलं.

पशुवैद्य_रानातला

डोक्याबद्दल दोघांचं बोलून झालंय, मी मानेबद्दल लिहितो. 'मान मोठी आहे, सोपी आहे' असं बरेच जण म्हणतात. मान मोठी असते, मणका नाही. तो मानेच्या बरोबर मधून जातही नाही. त्याला बाक असतो आणि खांद्याजवळ तो चांगलाच खाली उतरतो. बाहेरून बघून त्याचा अंदाज चुकतो. गोळी मणक्याच्या नुसती जवळून गेली की धक्क्याने जनावर कोसळतं, शिकारी खूश होऊन काडतूस काढून ठेवतो, आणि दोन मिनिटांनी जनावर उठून चालू लागतं. जागेवर कोसळलेलं जनावर मेलंच असं समजू नका. लगेच दुसरी गोळी भरा आणि नेम तसाच धरून थांबा.

कडेकपारी

तुम्ही दोघेही सपाट मोकळ्या रानाचा विचार करताय. मी जिथे जातो तिथे एका बाजूला कडा असतो, दुसरीकडे पुरुषभर झुडपं. शंभर मीटर पळालेलं जनावर तिथे हाती लागत नाही. संधिप्रकाशात तर नाहीच. अशा जागी मी फऱ्याच्या वरच्या भागात मारतो. दोन्ही फऱ्यांची हाडं मोडतात, मणक्याला धक्का बसतो, जनावर जागच्या जागी. पुढचं मांस जातं, ते मी सोडून देतो.

रानमाग

कड्याच्या काठावर तुमचं म्हणणं मला पटतं. पूर्वी पटत नव्हतं, पण मेलेलं जनावर दरीत कुजत पडणं हेही काही बरं नाही. फक्त एक अट घालेन. हा बार चार बोटं वर गेला तर गोळी मणक्याच्या वरच्या काट्यांतून जाते आणि पशुवैद्यांनी सांगितलं तेच होतं: पडतं, उठतं, जातं. शिवाय गोळी हाड फोडून आत शिरणारी हवी. पटकन फुटणारी हलकी गोळी फऱ्यावरच विखुरते आणि नुसती वरवरची मोठी जखम करते.

लांबपल्ला

हल्लीच्या दुर्बिणी, अंतरमापक, गोळी किती खाली येते त्याचे तयार तक्ते यांचा विचार कुणीच का करत नाही? लोखंडी पाटीवर मी पाचशे मीटरवर वीतभर वर्तुळात पाचही गोळ्या बसवतो. मग जनावरावर का नको?

पशुवैद्य_रानातला

पाटी पाऊल टाकत नाही म्हणून. पाचशे मीटरला गोळी साधारण पाऊण सेकंद हवेत असते. तुम्ही चाप ओढलात तेव्हा उभं असलेलं जनावर तेवढ्यात चालायला लागलं तर जवळपास मीटरभर पुढे गेलेलं असतं. फुफ्फुसावर धरलेली गोळी कोथळ्यात जाते. यात तुमची नेमबाजी कुठेच चुकलेली नाही, तरी जनावर हाल होऊन मरतं. वाऱ्याचं तर अजून बोललोच नाही.

नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकारीआधी दर वर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. रेनडिअरच्या चित्रावर पाच गोळ्या, अंतर 100 मीटर. पाचशे नाही.

ओलीमाती

मी शिकार करत नाही, करणारही नाही. इतका वेळ वाचतेय आणि 'नैतिक बार' हा शब्द घशाखाली उतरत नाही. ज्याला मरायचं नव्हतं त्याला कुठून मारलं यावर नीती ठरते का?

रानमाग

ओलीमाती, तुमच्या प्रश्नाला बगल देत नाही. शिकार करावी की नाही हा प्रश्न याच्याआधीचा आहे आणि त्यावर माझ्या घरातही एकमत नाही. पण उद्या पहाटे कुणीतरी रायफल घेऊन निघणारच आहे. त्याने काय करावं एवढंच मी बोलतोय. आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय चाप न ओढण्याचा असतो. गेल्या हंगामात मी तीनदा तसाच परत आलो.

ओलीमाती

ते तीन वेळा मला पटले. बाकीचं नाही.

एकचबार

एक सांगतो, लपवून काय करू. दोन वर्षांपूर्वी चाप सुटायच्या क्षणी एका नराने मान वर केली. गोळी नाकाडातून गेली. तो तसाच उभा राहिला, नाकातून रक्ताची धार. मी तीन सेकंदांत दुसरी गोळी फऱ्यामागे घातली. अंतर पंचावन्न मीटर होतं आणि रायफल टेकूवरच होती, म्हणून जमलं.

रानमाग

आणि तो उभा न राहता झाडीत गेला असता तर?

एकचबार

कुत्रा बरोबर होता. माग काढायला शिकवलेला. त्याच्याशिवाय मी कामावर जातच नाही.

रानमाग

हंगामी शिकाऱ्यांपैकी किती जणांकडे असा कुत्रा असतो? नॉर्वेत मूस (थंड प्रदेशातलं खूप मोठं हरीण) किंवा इतर हरणाच्या शिकारीला माग काढणारा कुत्रा उपलब्ध ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. बाकी बहुतेक जण दोन डोळे आणि एक विजेरी घेऊन रक्त शोधतात. फेसाळ गुलाबी रक्त दिसलं तर अर्धा तास थांबून मागावर जा, जनावर बहुतेक जवळच पडलेलं असतं. काळपट लाल असेल तर यकृत, काही तास थांबा. हिरवट आणि घाण वासाचं असेल तर कोथळा. तेव्हा घाई करून त्याला उठवलंत की मैलभर जातं, म्हणून सहा-आठ तास लांब राहा. पण जबडा फुटलेल्या जनावराचं रक्त थोड्याच अंतरात थांबतं. त्याच्या मागावर जायला काहीच उरत नाही.

एकचबार

हो. ते खरंय. माझ्या हाताखाली दोन नवी पोरं आहेत, त्यांना मी अजून डोक्यावर मारू दिलेलं नाही.