नव्या गाडीचं पहिलं ऑइल कधी बदलायचं? मदत हवी आहे

मंडळी, दसऱ्याला १६० सीसीची नवी बाईक घेतली. कोथरूड ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं, त्यात एक रविवार खडकवासल्याला मक्याचं कणीस खायला. मीटरवर आज ३४० किमी.

मॅन्युअलमध्ये पहिली सर्व्हिस ५०० ते ७५० किमी किंवा ३० ते ४५ दिवस, जे आधी होईल ते. त्याच वेळी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे. पण आमच्या गल्लीतले मेकॅनिक काका म्हणतात, "एवढी वाट बघू नकोस, ३००लाच काढ." नवीन इंजिनात पिस्टन रिंगा, गिअर एकमेकांवर घासून बसतात, तो बारीक चुरा ऑइलमध्येच फिरतो, हे मलाही पटतं. काल डिपस्टिक पुसून पाहिली तर ऑइल काळपट, आणि उन्हात धरलं की चंदेरी झाक. पोटात गोळाच आला. (बायको म्हणते, एवढं लक्ष पोरांच्या दप्तरात घाल.)

शिवाय चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर इंजिन तापतं, ते किलोमीटरमध्ये कुठे धरायचं?

तर विचारायचं असं, की आत्ताच बाहेर ऑइल बदललं तर वॉरंटीला अडचण येते का? बिल जपून ठेवलं तर चालतं का? की ५०० ला सर्व्हिस सेंटरलाच जाऊ? ओला क्लच (म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडालेला) असल्यामुळे कारचं ऑइल चालणार नाही, जासो एमए२ (बाईकच्या ऑइलचा दर्जा) लागतं, तेवढं माहीत आहे. स्वतः केलेल्यांनीच सांगा, प्लीज.